नोटेवरचा गुळगुळीत चेहरा

माझ्या सासूबाईंचा आवाज फार मोठा होता. इचलकरंजीला त्यांची पिठाची गिरणी होती. सासरे गेल्यावर मुलगा शिकून हाताशी येईपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, त्या स्वतः गिरणीत बसल्या. पट्ट्याच्या खडखडाटावरून ओरडून बोलायची जी सवय लागली ती कायमची. अ‍ॅशबर्नला अमेरिकेतल्या आमच्या टाउनहाउसच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. सकाळी उठून त्या 'चहा टाकू का गं' असं विचारायच्या, ते शेजारच्या गोऱ्या म्हातारीला माझ्याआधी ऐकू जात असणार. मला आधी लाज वाटायची, मग राग यायचा, मग दोन्हीचा कंटाळा आला.

आवाज असा, आणि चेहरा मात्र कायम आड. त्यांच्या तोंडावर देवीचे वण होते. थोडेथोडके नाहीत, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि डावी भुवई अर्धी गेलेली. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा त्यांच्याशी बोलताना नजर कुठं ठेवायची हे मला कळायचं नाही. पुढं माणूस सवयीचं झालं आणि वण दिसेनासे झाले. पण कुणी कॅमेरा काढला की हमखास त्यांना गॅसवरचं दूध आठवायचं. माझ्या नवऱ्याच्या मुंजीच्या अल्बममध्ये त्या एकाच फोटोत आहेत आणि त्यातही त्यांची पाठ आणि एक कोपर तेवढं आलंय.

त्या आमच्याकडे आल्या २००२ सालच्या थंडीच्या तोंडाला. दिवस वाईट होते. आदल्या वर्षी मनोऱ्यांवर विमानं आदळली होती. त्या ऑक्टोबरात आमच्या भागात दोघंजण लांबून गोळ्या घालून रस्त्यावरची माणसं मारत फिरत होते. ते पकडले गेले तरी लोक पेट्रोल भरताना गाडीच्या आड वाकून उभे राहायचे. ज्याच्या त्याच्या तोंडी ले-ऑफ. माझ्या नवऱ्याचं अ‍ॅशबर्नमधलं काम गेलं आणि त्याला टेक्सासात अर्विंगला कॉन्ट्रॅक्ट मिळालं, म्हणून तो सोमवारी पहाटे जायचा आणि गुरुवारी रात्री यायचा. घरात आम्ही तिघी: मी, सासूबाई आणि चौथीतली माझी मुलगी. मुलगी इथंच जन्मलेली. मराठी तिला कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे. त्या हिवाळ्यात आम्हांला सांगण्यात आलं की कुणीतरी देवीचे जंतू मुद्दाम सोडण्याची भीती आहे, तेव्हा हॉस्पिटलमधल्या माणसांपैकी ज्यांची तयारी असेल त्यांनी देवीची लस घ्यावी. मला घेता आली नाही. घरात कुणाला एक्झिमा असेल तर घेऊ नका, असा नियम होता, आणि माझ्या मुलीच्या कोपरांना तो होता. मी हे रात्री जेवताना सांगितलं.

"देवी? त्या तर गेल्या की," सासूबाई म्हणाल्या. "सरकारनंच सांगितलं होतं. आता परत कोण आणतंय?"

"कुणीतरी बाटलीत भरून ठेवल्यात म्हणे."

"देवीला बाटलीत भरतंय होय कुणी," त्या म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मुलीनं विचारलं, "व्हॉट इज देवी? लाइक दुर्गा?" मी तिला समजावलं, की हा एक रोग होता, फार माणसं मारायचा, आणि आपल्याकडे त्याला देवी म्हणायचे, कारण देवीच घरात आली असं लोक मानायचे. घरात फोडणी द्यायची नाही, कुणाचं डोकं विंचरायचं नाही, दारात कडुनिंबाचा डहाळा लावायचा आणि तिला राग येऊ न देता ती आपणहून जाण्याची वाट बघायची. हे सांगता सांगता माझी नजर नको तिकडे गेली. माझ्या नजरेमागून मुलीची गेली. आजीच्या तोंडावरचे खड्डे तिनं दर सुट्टीत गावी पाहिले होते, पण ती कधी बोलली नव्हती. नंतर तिनं मला सांगितलं, की तिला वाटायचं, म्हातारपण असंच दिसत असेल.

"आजी, यू हॅड इट?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे. "व्हय," त्या म्हणाल्या. "आल्या होत्या."

मुलीच्या शाळेत तेव्हा अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतींनी स्वातंत्र्य कसं मिळवलं आणि नवं राज्य कसं उभं केलं, हा विषय चालू होता. वर्गशिक्षिका तरुण, हौशी, फार नीटनेटकी बाई. तिनं सगळा वर्गच देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या लोकांच्या सभेसारखा करून टाकला होता. त्या वेळी आत काय बोललं जातंय ते बाहेर कळू नये म्हणून सभागृहाच्या खिडक्या बंद ठेवत असत म्हणे, म्हणून वर्गातल्या खिडक्यांचे पडदेही खाली. मुलांनी आपली घटना लिहिली होती आणि वर्गातलं हरएक काम मतदानानं ठरायचं: कुणी कुठं बसायचं, मधल्या सुट्टीत पाऊस असेल तर काय खेळायचं, सगळं. एकानं ठराव मांडायचा, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग हात वर. मला हे सगळं फार आवडलं होतं. आमच्या शाळेत बाईंनी सांगितलं आणि आम्ही ऐकलं, यापलीकडे राज्यव्यवस्था नव्हती.

प्रत्येक मुलानं एक विषय घेऊन मोठ्या पुठ्ठ्यावर मांडायचा होता आणि शेवटी आईबापांसमोर बोलून दाखवायचं होतं. जेवणाच्या टेबलावरच्या त्या बोलण्यानंतर माझ्या मुलीनं आपला विषय बदलला. आधी तिनं कराच्या रागानं इंग्रजांचा चहा समुद्रात फेकल्याचा प्रसंग घेतला होता. आता तिनं घेतलं, सैन्यात देवी.

लायब्ररीतून तिनं पुस्तकं आणली आणि आजीला रोज संध्याकाळी वाचलेलं सांगू लागली. मी मधे बसून भाषांतर करायचे. इंग्रज शिपाई दाटीवाटीच्या गावांतून आलेले, त्यांना बहुतेकांना लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या, त्यामुळं त्यांना परत भीती नव्हती. वसाहतींतली पोरं मात्र लांब लांबच्या शेतांवर वाढलेली, कोरी. ती सैन्यात एकत्र आली आणि पटापट मरू लागली. उत्तरेकडे थंडीत चालून गेलेली एक अख्खी फौज लढाईपेक्षा देवीनंच जास्त खाल्ली. त्यांच्या सेनापतीला तरुणपणी एका बेटावर देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून तो स्वतः निर्धास्त होता. त्यानं शेवटी हुकूम काढला, की सगळ्या सैन्याला टोचायचं. म्हणजे आजाऱ्याच्या फोडातला पू धडधाकट माणसाच्या दंडाला चिरा पाडून त्यात भरायचा. माणूस आजारी पडायचा, पण बहुतेक जण वाचायचे. आणि हे चोरून, कारण अर्धं सैन्य अंथरुणाला खिळलंय हे शत्रूला कळलं तर संपलंच. लोकांना ती चीर मरणापेक्षा भयंकर वाटायची. काही गावांत तर टोचण्यावर बंदी होती.

"आमच्यातबी तसंच," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी ते सांगितलं. मी त्यांची सून होऊन इतकी वर्षं झाली होती, पण मी हे कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या लहानपणी गावात सरकारी टोचणारा यायचा. तो आला की बायका पोरं लपवायच्या, कारण टोचून घेतलं तर देवीचा कोप होतो. सासूबाईंच्या आईनं त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला कणगीत उतरवलं. कणगी म्हणजे धान्य साठवायची, बांबूची, शेणानं सारवलेली मोठी टोपली. आत जोंधळा गळ्यापर्यंत. भावाला धुळीनं शिंक येत होती, तेव्हा यांनी त्याचं नाक दाबून धरलं. टोचणारा निघून गेला आणि आईनं आनंदानं नारळ फोडला. चैत्रात घरात देवी आल्या.

"भाऊ गेला. मी राहिले, ही अशी," त्या म्हणाल्या. "बरी झाल्यावर वर्षभर मला कुणी खेळात घेतलं नाही. पोरी जिबलीचे चौकोन आखायच्या आणि मी आले की पायानं पुसून टाकायच्या."

मुलगी उठली, आजीच्या खुर्चीजवळ गेली आणि तिनं आपली बोटं आजीच्या गालावर ठेवली. मला वाटलं त्या तोंड फिरवतील. पण त्यांनी नाही फिरवलं.

मग मुलीनं माझ्याकडे एक डॉलर मागितला. त्या नोटेवर त्याच सेनापतीचा, पुढं देशाचा पहिला अध्यक्ष झालेल्याचा, चेहरा असतो; तो तिनं दिव्याखाली धरून बराच वेळ बघितला. पुस्तकात लिहिलंय की याच्या तोंडावर वण होते, ती म्हणाली, मग इथं का नाहीत? चित्रकारानं काढलेच नसतील, मी म्हणाले. मी हे सासूबाईंना सांगितलं आणि त्या हसल्या. गिरणीच्या आवाजातलं हसू, शेजारच्या म्हातारीला पुन्हा एकदा फुकट मिळालं.

"माझंबी तसंच केलंय की," त्या म्हणाल्या.

त्यांचं लग्न जमत नव्हतं. मग कोल्हापूरच्या एका फोटोवाल्याकडून त्यांचा फोटो काढून घेतला आणि त्यानं निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिलीनं एकेक खड्डा बुजवला. भुवईसुद्धा पुरी केली. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी मुलगी प्रत्यक्ष पाहिली होती, त्यांना कामाला हात हवे होते, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. नवऱ्यामुलाला मात्र फक्त फोटो दाखवला. अंतरपाट खाली आला तेव्हा त्यानं बायको पाहिली.

"काय म्हणाले?" मी विचारलं. मी सासऱ्यांना फक्त फोटोत पाहिलेलं.

"काय म्हणणार? पदरी पडलं पवित्र झालं. चांगले वागले माझ्याशी, खोटं कशाला बोलू. तो फोटो चौकटीत घालून कपाटावर ठेवला आणि म्हणाले, हा चांगला आलाय, आता दुसरा काढायला नको." त्यांनी टेबलावरचे भाकरीचे कण गोळा केले. "मग नाही काढला."

त्या रात्री मला सासऱ्यांचा असा काही राग आला, की बरं झालं ते नाहीत, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलीनं एकच धोशा लावला: आजीनं वर्गात यायचं. "मॉम, शी इज अ प्रायमरी सोर्स." म्हणजे पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतः सोसलेलं माणूस. सासूबाई म्हणाल्या, हात दाखवून अवलक्षण कशाला? पोरं भितील की. मुलगी म्हणाली, नाही भिणार, त्यांना भारी वाटेल. मीही मुलीच्या बाजूनं बोलले. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. साठ-पासष्ट वर्षं पदर तोंडाजवळ धरून बसलेली ही बाई एकदा तरी चारचौघांत उभी राहून म्हणाली असती, की हो, हे असं आहे, तर माझ्या जिवाला बरं वाटलं असतं. पण सासूबाई म्हणजे पालथा घडा. तीन-चार दिवस बोलून मी नाद सोडला.

आणि मग बर्फ पडलं. फेब्रुवारीतल्या त्या बर्फाची आमच्याकडे अजून आठवण काढतात. गाड्या गाडल्या गेल्या, शाळा आठवडाभर बंद, नवरा अर्विंगला अडकून पडला. टीव्हीवर त्याच दिवसांत सांगत होते, की विषारी हल्ला झाला तर खोलीच्या खिडक्यांना प्लॅस्टिक लावून चिकटपट्टीनं बंद करा. माझ्या लॅबमधल्या एकीनं खरंच चिकटपट्टीचे गठ्ठे आणून ठेवले होते. आम्ही घरात तिघी आणि खिडकीतून येणारा तो बर्फाचा पांढरा उजेड. मुलीनं जमिनीवर पुठ्ठा अंथरला आणि नोट बघून त्या सेनापतीचं मोठं चित्र काढलं. चित्र जमलं होतं. मग ती म्हणाली, आता वण काढायचेत, पण कसे असतात ते मला माहीत नाही.

मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर सासूबाई खिडकीपाशी स्टुलावर बसलेल्या, पदर खांद्यावर, चेहरा उजेडाकडे. मुलगी एक नजर त्यांच्याकडे टाकायची आणि एक ठिपका द्यायची. मोठे कुठं, बारीक कुठं, नाकाजवळ एकमेकांत मिसळलेले, सगळं. सेनापतीची डावी भुवईसुद्धा तिनं अर्धी खोडली.  मी परत आत गेले आणि तिथं मला रडू आलं.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "येते मी शाळेत."

त्यांनी निळी इरकल काढली आणि मला इस्त्री करायला दिली. नातीनं त्यांना एक वाक्य शिकवलं: 'आय हॅड इट. आय अ‍ॅम फाइन.' बाकीचं मी सांगणार होते, पण एवढं त्यांनी स्वतः म्हणायचं. बर्फ वितळेपर्यंत ते वाक्य घरभर ऐकू येत होतं. भांडी लावताना, जिना चढताना, आंघोळीच्या आधी, 'आय हॅड इट. आय अ‍ॅम फाइन.' त्यांचा तो आवाज मला पहिल्यांदाच गोड वाटला.

शाळा उघडली. मुलीनं वर्गात सांगितलं, की माझी आजी येणार आहे आणि तिला देवी झाल्या होत्या.

त्याच संध्याकाळी दोन घरं सोडून राहणारी बाई मला टपालपेट्यांपाशी भेटली. तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती, आमच्या घरी कितीदा पुऱ्या खाऊन गेलेली. तिनं आडून आडून विचारलं, की तुमच्या सासूबाईंबद्दल ऐकलं, त्या बऱ्या आहेत ना, म्हणजे, सेफ आहेत ना? मी म्हणाले, साठ वर्षं होऊन गेली. वण म्हणजे नुसते वण, त्यांत जंतू नसतात, आणि मी लॅबमध्ये काम करते तेव्हा एवढं मला कळतं. ती 'ऑफ कोर्स, ऑफ कोर्स' म्हणाली आणि बोलता बोलता आपल्या मुलीला हाताला धरून मागं घेतलं. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी तिला गुड नाइट म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली ती बूट न काढता वर गेली. मी मागून गेले. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"दे व्होटेड," ती म्हणाली. "आजीला यायचं नाही."

"कुणी ठरवलं?"

"क्लासनं."

तिनं उशी डोक्यावर ओढून घेतली. खालून आवाज येत होता, 'आय हॅड इट.' मी खाली जाऊन सासूबाईंना म्हणाले, की काहीतरी अडचण आहे, मी उद्या शाळेत जाऊन बघते. त्यांनी बरं म्हटलं.

सकाळी मी रागानं फणफणत शाळेत गेले. पडदे खालीच होते. भिंतीवर मुलांनी लिहिलेली घटना टांगलेली, जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेली, आणि खाली सगळ्यांच्या वळणदार सह्या. मला त्या लहान मुलांच्या खुर्चीत बसावं लागलं. शिक्षिका समोर दुसऱ्या लहान खुर्चीत बसली. तिला खरंच वाईट वाटत होतं, हे मी नाकारत नाही.

ती म्हणाली, की काही पालकांचे फोन आले होते, पण तिनं ते मनावर घेतले नव्हते. मग एका मुलानं ठराव मांडला, की कार्यक्रमाच्या दिवशी आईबापांखेरीज बाहेरचे पाहुणे नकोत. अनुमोदन मिळालं. चर्चा झाली. मुलं फार सभ्यपणे बोलली, कुणी कुणाला टाकून बोललं नाही. घरी लहान भाऊ आहे, असं एकजण म्हणाली. एकजण म्हणाला, ती आजी हा रोग होता त्याच देशातून आली आहे ना. "मी कसं मोडणार ते?" शिक्षिका म्हणाली. "इतके आठवडे मी त्यांना हेच शिकवते आहे, की राजा नाही, तुम्हीच ठरवायचं."

"विरुद्ध कोण होतं?" मी विचारलं. मला जरा बरं वाटायला हवं होतं. निदान एक हात तरी.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "एकमतानं झालं."

असं म्हणाली आणि मग तिच्याही लक्षात आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली आपल्या हातांकडे.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. लॅबला उशीर होत होता. मला मुलीचा इतका राग आला होता, की ती समोर असती तर मी तिला मारलं असतं, आणि त्याच वेळी ती मला दिसत होती: वर्गभर हात वर गेलेले, आजूबाजूची सगळी आपल्याकडे बघतायत, आणि ती दहा वर्षांची. त्यांच्यातली एकुलती एक, जिची आजी अशी. मी तिच्या जागी काय केलं असतं? मोठी असून तरी मी काय केलं, त्या टपालपेट्यांपाशी गुड नाइट म्हणाले.

संध्याकाळी सासूबाई पोळ्या लाटत होत्या. "काय म्हणाली बाई?"

"पोरांनी मतं घेतली, आई."

"आणि?"

"नको म्हणाली."

लाटणं थांबलं. "सगळी?"

मला खोटं बोलायला वेळ मिळाला असता तर मी बोलले असते. "सगळी," मी म्हणाले.

त्यांनी पोळी उचलली, तव्यावर टाकली, दुसरा उंडा घेतला. तोही लाटला.

"बरं झालं," मग त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही, मला जवळ जावं लागलं. "एकटी पडली असती पोर. आणि हे बघ, मला कळलंय हे तिला सांगू नकोस. कधीच."

इरकल त्यांनी स्वतः घडी करून बॅगेत तळाशी ठेवली. वाक्य पुन्हा म्हटलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी एकटी गेले. मुलगी छान बोलली, स्पष्ट, न अडखळता. फौज, बेट, चोरून टोचणं, सगळं सांगितलं. या रोगावर मात केली नसती तर आज हा देश नसता, असं शेवटी म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन घरं सोडून राहणारी ती बाईसुद्धा वाजवत होती. मी जवळ जाऊन पुठ्ठा पाहिला. सेनापतीचा चेहरा गुळगुळीत होता, नोटेवर असतो तसा. फक्त रबरानं घासून घासून तिथला कागद खरबरीत झाला होता. भुवई पुरी केलेली होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं."

"टाळ्या?"

"पुष्कळ."

त्यांनी नातीला जवळ घेऊन तिच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मुलगी ताठ उभी होती.

एप्रिलमध्ये त्या परत गेल्या. विमानतळावर नवऱ्यानं कॅमेरा काढला तेव्हा दूध नव्हतं, म्हणून त्या ट्रॉलीवरच्या बॅगा सारख्या करायला वाकल्या. त्यानंतर त्या अमेरिकेला आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. फोनवर आवाज तोच होता, रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागायचा.

२००७ सालच्या सुरुवातीला त्या गेल्या. नवरा एकटा गेला आणि दिवस करून परत आला. येताना त्यानं फोटो आणला. दुसरा फोटो होताच कुठं? तोच कोल्हापूरचा, इचलकरंजीच्या कुठल्याशा स्टुडिओतून मोठा करून, वर रंग भरून आणलेला. एकही वण नसलेली, पुऱ्या भुवयांची, गुलाबी गालांची कोणी एक मुलगी. नवऱ्यानं तो जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला आणि चंदनाचा हार घातला. तो आईचा फोटो म्हणून बघत होता, त्याला काय बोलणार? त्यांचा खरा चेहरा उतरलेला असा एकच कागद या जगात होता, आणि तो काही दिवसांतच खोडला गेला होता.

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. त्या रविवारी ती खाली आली, फोटोसमोर थांबली.

"दॅट्स नॉट हर," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मॉम, आय रेज्ड माय हँड." चार वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच काढलं. "त्या दिवशी. मीपण."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "तू लहान होतीस."

ती फोटोकडेच बघत होती. "आजीला माहीत होतं?"

मी शब्द दिला होता, आणि ज्यांना दिला त्या आता भिंतीवर होत्या, दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा घेऊन. "नाही," मी म्हणाले. "त्यांना कधीच कळलं नाही."

तिनं मान हलवली. मला वाटलं, तिचं समाधान झालं. मी तिच्यासाठी दूध गरम करायला ओट्याकडे वळले. मागून ती म्हणाली, आणि हे मात्र ती मराठीत म्हणाली:

"मग तिनं मला एकदाही का नाही विचारलं, कोण नको म्हणालं म्हणून?"